महिला फुटबॉल विश्वचषक: मैदाने मोठी हवीत की भरलेली?

धागाकर्ता
२०२२ च्या महिला युरो, म्हणजे युरोपीय देशांच्या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना पाहायला लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर ८७,१९२ प्रेक्षक आले होते. त्याच स्पर्धेतले काही सामने मात्र यजमान इंग्लंडने मँचेस्टर सिटीच्या अकादमीच्या मैदानावर ठेवले होते, जिथे पाच हजार माणसेही बसू शकत नव्हती. आइसलंडची खेळाडू सारा ब्योर्क गुन्नार्सदोत्तिर हिने या निवडीवर स्पर्धेपूर्वीच उघड टीका केली होती आणि मला ती पूर्णपणे रास्त वाटते. लहान मैदान निवडणारा यजमान किती लोक येणार हे स्वतःच आधी ठरवून टाकतो, आणि मग तिकिटे संपली की त्यालाच यश म्हणतो. १९९९ मध्ये अमेरिकेने महिला विश्वचषकासाठी मोठी मैदाने घेण्याचे धाडस केले नसते, तर रोझ बोलवरच्या अंतिम सामन्याला ९०,१८५ प्रेक्षक आलेच नसते.

मधली फळी
सपशेल असहमत. आपण दिलेले दोन्ही मोठे आकडे अंतिम सामन्यांचे आहेत. स्पर्धेचा खरा भार गटातल्या सामन्यांवर असतो. २०२३ च्या महिला विश्वचषकात न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनला काही सामन्यांत कॅमेरा सरकला की रिकाम्या खुर्च्यांच्या रांगाच दिसत. मैदानावरच्या खेळाडूंचे एकमेकींना दिलेले आवाज घरबसल्या स्पष्ट ऐकू यावेत, यात सन्मान कोणता? याउलट २०२५ च्या युरोसाठी स्वित्झर्लंडने बेताची मैदाने निवडली, सामन्याच्या तिकिटातच रेल्वे आणि बसचा प्रवास मोफत दिला, आणि ३१ पैकी २९ सामन्यांची सर्व तिकिटे विकली गेली. एकूण प्रेक्षकसंख्येचा इंग्लंडचा विक्रमही त्यांनीच मोडला.

धागाकर्ता
प्रवासाचा मुद्दा मान्य आहे. तो सर्वच यजमानांनी उचलावा. परंतु ड्युनेडिनचे ते मैदान न्यूझीलंडच्या सामन्याला गच्च भरले होते, म्हणजे दोष मैदानाच्या आकाराचा नव्हता. त्याच विश्वचषकात ऑस्ट्रेलियाचा पहिला सामना तिकिटांची मागणी पाहून सिडनीतल्याच दुप्पट मोठ्या मैदानावर हलवावा लागला आणि तेथे ७५,७८४ प्रेक्षक आले. आयोजकांचा पहिला अंदाज किती तोकडा होता, हे यावरून दिसते.

गवताची बाजू
खुर्च्यांवर इतका खल चालला आहे, पण खेळाडूंच्या पायाखाली काय असते याबद्दल कोणी बोलत नाही. २०१५ मध्ये कॅनडात संपूर्ण विश्वचषक कृत्रिम गवतावर खेळवला गेला. पुरुषांच्या विश्वचषकावर ही वेळ कधीच आली नव्हती. त्या गवतावर घसरून चेंडू अडवला की गुडघ्याची आणि मांडीची कातडी भाजल्यासारखी सोलून निघते. खेळाडूंनी ओंटारिओच्या मानवी हक्क न्यायाधिकरणाकडे तक्रार केली, परंतु स्पर्धा तोंडावर आली तरी काहीच हलले नाही आणि जानेवारी २०१५ मध्ये ती मागे घ्यावी लागली. माझ्या मते यजमानपद देताना नैसर्गिक गवताची अट सर्वांत आधी असावी. प्रेक्षक पाच हजार की पन्नास हजार, हा त्यानंतरचा प्रश्न आहे.

धागाकर्ता
या बाबतीत दुमत असूच शकत नाही.

मधली फळी
गवताबद्दल माझेही दुमत नाही. मूळ वादाची खरी परीक्षा २०२७ मध्ये ब्राझीलमध्ये होईल. तेथे निवडलेली आठही मैदाने २०१४ च्या पुरुष विश्वचषकात वापरलेली आहेत, म्हणजे धागाकर्त्यांना हवा तसा आकार आयताच मिळाला आहे. मात्र संघ ३२ आहेत, शहरे एकमेकांपासून फार दूर आहेत, आणि यजमान संघ गटात तीनच सामने खेळणार आहे. उरलेल्या सामन्यांसाठी रेसिफे किंवा फोर्तालेझातल्या शाळकरी मुलींना परवडतील अशी तिकिटे ठेवली नाहीत, किंवा लांबच्या प्रेक्षकांच्या सोयीसाठी सामने कामाच्या दिवशी भर दुपारी लावले, तर मैदान कितीही भव्य असले तरी ते ओसच राहील. आयोजन समितीने सामन्यांच्या वेळा आणि तिकिटांचे दर ठरवताना त्या मुलींचा विचार केलेला मला पाहायचा आहे.