घरच्या प्रार्थनासभेत स्तोत्र 88 वाचावं का?

करुणा_दीप
सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. आमच्या मंडळीतल्या एका बंधूंचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा. पुढच्या गुरुवारपासून त्यांच्या घरी छोटी प्रार्थनासभा ठरली आहे आणि वचनवाचन माझ्याकडे आलंय. भेटायला येणारे त्यांना रोम 8:28 (देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात) ऐकवतात, नाहीतर "विश्वास वाढवा" म्हणतात. बंधूंचा प्रश्न साधा आहे : देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे रडायचंही नाही का? बायबलमधलं स्तोत्र 88 वाचावंसं वाटतं, पण ते अंधारातच संपतं, म्हणून धीर होत नाही. वीस मिनिटांत काय वाचावं, कसं वाचावं?

जुना_करार
88 जरूर वाचा, पण पहिल्या गुरुवारी नको. सुरुवात स्तोत्र 13 पासून करा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत "कोठवर?" हा प्रश्न चार वेळा येतो, तिसऱ्या-चौथ्यात मागणं आहे आणि पाचव्यात सूर पालटतो : मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे.

बहुतेक सभांत इथेच चूक होते. पहिली चार वचनं अर्ध्या मिनिटात उरकतात आणि पाचव्यावर दहा मिनिटं बोध चालतो. आजारी माणूस अजून दुसऱ्याच वचनात असतो, आपण त्याला मागे टाकून पुढे गेलेलो असतो. उलट करा. पहिली दोन वचनं दोनदा वाचा, सावकाश. मग घरच्यांना त्यांचं स्वतःचं "कोठवर" म्हणू द्या. "पाणी मोजून प्यायचं, कोठवर?" एवढंच वाक्य पुरे. कुणाला बोलायचं नसेल तर आग्रह नको. चौथं वचन संपलं की पूर्ण एक मिनिट शांत बसा. आपल्याकडे शांतता पसरली की कुणीतरी भजन उचलतंच, म्हणून पेटी वाजवणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. मग शेवटची दोन वचनं हळू आवाजात.

चौथ्या आणि पाचव्या वचनाच्या मधे स्तोत्रकर्त्याची परिस्थिती बदललेली नाही. वैरी तिथेच आहे, दुःखही तिथेच आहे. तरीही "तुझ्यावर भरवसा" हे शब्द येतात. बंधूंना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर इथे सापडेल, तुम्ही समजावून सांगायची गरज पडणार नाही.

88 तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घ्या. अठरा वचनं आहेत आणि शेवट खरोखर अंधारातच होतो. पण पहिल्याच ओळीत परमेश्वराला "माझ्या उद्धारक देवा" अशी हाक आहे, आणि ती हाक पुन्हा नवव्या व तेराव्या वचनात येते. उत्तर आलेलं नाही, तरी माणूस सकाळी उठून पुन्हा त्याच दाराशी उभा. शिवाय हे कुणी एकट्याने उशीत तोंड खुपसून म्हटलेलं नाही. मथळ्यात मुख्य गवयाचा उल्लेख आहे, म्हणजे ते उपासनेत गायलं जाई. ते वाचून झाल्यावर घाबरून लगेच रोमकरांस पत्र उघडू नका. आमेन म्हणा आणि थांबा.

साधा_विश्वासी
मनात एक शंका आहे. अशी तक्रार म्हणजे कुरकुरच नव्हे का? रानात इस्राएल लोकांनी कुरकुर केली आणि चाळीस वर्षं भटकले. आजारी माणसाचा विश्वास अशाने आणखी खचला तर?

जुना_करार
शंका रास्त आहे, कारण दोन्ही गोष्टी वरवर सारख्या दिसतात. बायबलच्या गणना या पुस्तकाच्या 14 व्या अध्यायात लोक मोशे-अहरोनाविरुद्ध आपसांत बोलतात, दुसरा पुढारी नेमून मिसर देशाला परत जाऊ म्हणतात. त्यांनी देवाकडे पाठ फिरवली आहे. स्तोत्रांतली तक्रार देवाकडे तोंड करून आहे, आणि फरक तेवढाच आहे. सगळं गमावून आजारी पडलेल्या ईयोबाने त्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात आपल्या जन्मदिवसाला शाप दिला. तरी 42:7 मध्ये देव ईयोबाच्या तीन मित्रांपैकी अलीफजाला म्हणतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. हे तिघे मित्र सात दिवस आणि सात रात्री ईयोबाजवळ जमिनीवर मुकाट बसले होते. तिथपर्यंत त्यांचं बरोबर होतं. कारणं समजावायला लागले आणि बिनसलं. वधस्तंभावर प्रभू येशूने मोठ्याने म्हटलेले शब्दही 22 व्या स्तोत्राचे आहेत : "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?"

रोम 8:28 टाकून देऊ नका, फक्त अठराव्या वचनापासून वाचा. सृष्टी कण्हते, आपण कण्हतो, आणि आत्माही शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. हे तीन कण्हणं ऐकल्यावर 28 वं वचन कानाला वेगळं लागतं. त्याआधी ऐकलं तर ते जखमेवर थाप मारल्यासारखं होतं.

आणखी एक, कळकळीने. "पंडिता रमाबाईंकडे बघा" असं कृपया म्हणू नका. त्यांची मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली, तरी रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम सोडलं नाही, आणि 1922 मध्ये त्या स्वतः गेल्या. हे खरं आहे आणि फार मोठं आहे. पण खाटेवरच्या माणसाला ते मोजपट्टीसारखं लावलं की त्याला आपलं रडणं लाजिरवाणं वाटू लागतं.

सेवा_कक्ष
थोडं शरीराबद्दल, कारण सभा तिथेच फसते. डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी सभा ठेवू नका. साधारण चार तास मशीनवर गेलेले असतात, रक्तदाब उतरतो, बसवत नाही. गुरुवार दोन डायलिसिसच्या मधला मोकळा दिवस आहे ना, विचारून घ्या. हात ठेवून प्रार्थना करताना फिस्टुलाचा (डायलिसिसची सुई टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने शीर जोडलेला) हात धरू नका, त्यावर दाब देऊ नका. खांद्यावर किंवा डोक्यावर हात ठेवा. मानेत नळी असेल तर पट्टीला स्पर्श नको, तेलाचा एक थेंब कपाळावर पुरे. याकोब 5:14 मध्ये मंडळीच्या वडिलांना (पुढाऱ्यांना) बोलावणं आजाऱ्यानेच पाठवायचं आहे, तेव्हा तेल लावून प्रार्थना बंधूंनी मागितल्यावरच.

केळी, मोसंबी, नारळपाणी नेऊ नका. पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. चहाचाही आग्रह नको, त्यांचं पाणी मोजलेलं असतं. उपास सांगू नका. आणि "विश्वासाने डायलिसिस थांबवा" असं कुणी म्हणालं तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. शरीरात पाणी आणि पोटॅशियम साठून काही दिवसांतच जीव जाऊ शकतो. प्रेषित पौलासोबतही लूक होता, आणि पौल त्याला "प्रिय वैद्य" म्हणतो.

करुणा_दीप
खूप आभार. क्रम असा लावते : स्तोत्र 13, शांतता, एक संथ भजन, प्रभूची प्रार्थना. पण बंधू स्वतः प्रार्थना करायला तयारच नसतील तर?

जुना_करार
तर नको. मार्क 2 मध्ये पक्षाघात झालेल्या माणसाच्या तोंडी एक शब्द नाही. चौघांनी छप्पर उकरून त्याला खाली सोडलं, आणि येशूने "त्यांचा विश्वास" पाहिला असं पाचव्या वचनात आहे. प्रभूची प्रार्थना तुम्ही सगळे म्हणा, ते गप्प राहिले तरी चालेल. आठच्या आत उठा. निघताना वहिनींना विचारा, पुढच्या डायलिसिसला त्यांच्यासोबत कोण जाणार आहे.