मदत हवी आहे: एकाच प्रदेशाचा ऑक्सिजन ८.२ की ८.६?

धंतोली_रात्र: अर्जंट आहे, प्रोजेक्ट सोमवारी द्यायचा आहे. एका कडंवाल्या दीर्घिकेच्या कड्यातल्या तारानिर्मिती प्रदेशाचा ऑक्सिजन (हायड्रोजनच्या तुलनेत किती, लॉग मोजपट्टीवर) वर्णपटातल्या रेषांवरून काढून राहिलो. एका सूत्रानं ८.२, दुसऱ्यानं ८.६. सूर्याचा ८.६९ धरला तर एकीकडे सूर्याच्या तिसरा हिस्सा, दुसरीकडे ऐंशी टक्के! कोणतं धरू?

अंबाझरी: दीर्घिका कोणती? दुर्बीण, सूत्रं? काहीच सांगितलं नाही भाऊ.

गोरेवाडा: धुळीची दुरुस्ती केली का? दुरुस्तीनंतर हायड्रोजनच्या दोन रेषा, एच-अल्फा भागिले एच-बीटा, २.८६ यायला पाहिजे. माझं अख्खं सेमिस्टर त्यातच गेलं. आधी ते कर.

अंबाझरी: सूत्र एन२ (नायट्रोजनची रेषा भागिले एच-अल्फा) असेल तर धुळीनं काय होते? एच-अल्फा ६५६३ आणि नायट्रोजन ६५८४ अँगस्ट्रॉमला, शेजारी-शेजारी आहेत, दोन्ही सारख्याच मंद होतात.

गोरेवाडा: त्यानं एन२ म्हटलं कुठं?

वऱ्हाडी_तारा: होगची दीर्घिका का? १९५० मध्ये आर्थर होग यांना सापडली. तिच्या कड्याच्या आतल्या फटीतून मागची दुसरी कडंवाली दीर्घिका दिसते, फोटो नक्की पाहा.

धंतोली_रात्र: नाही, कार्टव्हील. म्यूज या वर्णपट घेणाऱ्या उपकरणाचा डेटा. एक सूत्र एन२, एक आर२३ (ऑक्सिजनच्या रेषा भागिले एच-बीटा).

अंबाझरी: थांब. आर२३ ला ऑक्सिजनची ३७२७ ची रेषा लागते. म्यूज ४६५० अँगस्ट्रॉमच्या खाली जातच नाही. कुठून आणली?

धंतोली_रात्र: जुन्या पेपरच्या तक्त्यातून. प्रदेश तोच आहे.

गोरेवाडा: प्रदेश तोच, पण स्लिट (उजेड घेणारी फट) वेगळी, उजेड वेगळा! आणि ऑक्सिजनच्या ३७२७ ते ५००७ रेषांत एवढं अंतर म्हटलं की धूळ आलीच, ती निळा उजेड जास्त खाते. काहून ऐकत नाही?

अंबाझरी: हे मान्य. शिवाय आर२३ ला दोन फांद्या आहेत, म्हणजे एकाच आर२३ ला ऑक्सिजनची दोन उत्तरं निघतात, आणि ८.० ते ८.४ च्या आसपासच तो वळतो. तू वरची फांदी धरली असशील. आणखी एक: रेडशिफ्ट (रेषांचं लाल बाजूला सरकणं) ०.०३ असल्यानं एच-बीटा सरकून नेमकी ५००७ जवळ येते. तिलाच ऑक्सिजन समजला नाहीस ना?

धंतोली_रात्र: नाही, रेडशिफ्ट आधीच काढलं. फांदी वरचीच धरली होती.

वऱ्हाडी_तारा: नागपूरहून दिसते का ही?

गोरेवाडा: जेमतेम ३५ अंश वर येते, तेही दक्षिणेला. शहरातून विसरा.

धंतोली_रात्र: आर२३ टाकून दिला. ओ३एन२ (ऑक्सिजन ५००७ भागिले एच-बीटा, त्याला एन२ नं भागायचं) लावला, ८.१९ आलं! पण कड्याच्या फिकट बाजूला एच-बीटा जुन्या ताऱ्यांच्या शोषणात बुडते. ते वजा कसं करता?