चौघांच्या डिपार्टमेंटमध्ये निनावी फॉर्म: साहेबांबद्दल खरं लिहू का?

यळ्ळूरकर_क्यूए

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत (धातू ओतून कास्टिंग करायचा कारखाना) क्वालिटीला आहे. आमचं स्वतःचं मशीन शॉपही आहे. आधी इन्स्पेक्टर होतो, दिवाळीनंतर सुपरवायझर केलं. कंपनीचं नाव विचारू नका, तिसऱ्या गेटला शिंकलं तर मच्छेत कळतं अशी आपली गत आहे.

एचआरने फॉर्म पाठवलाय: "आपल्या मॅनेजरविषयी अभिप्राय". नाव लिहायचं नाही, म्हणे पूर्ण गुप्त. आता आमचं डिपार्टमेंट म्हणजे मी, दोन इन्स्पेक्टर आणि स्टँडर्ड रूममधली (मोजमापाची साधनं असतात तिथली) एक मुलगी. दोघे इन्स्पेक्टर कन्नडमध्ये लिहिणार, मुलगी इंग्रजीत. मराठीत लिहिणारा मी एकटा. मग गुप्त काय राहिलं डोंबलाचं?

साहेब वाईट नाहीत, हे आधी सांगतो. धारवाडकडचे आहेत, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ बोलतात, काम येतं. आई केएलई हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होती तेव्हा त्यांनी रजेचा अर्जसुद्धा मागितला नाही. पण महिनाअखेर आली की माणूस बदलतो. हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बॉडीची कास्टिंग असतात, पुण्याला जातात. ज्यावर बारीक पिनहोल, म्हणजे टाचणीएवढी भोकं, दिसतात ती बाजूला काढली की साहेब "डेव्हिएशन" (दोष आहे तरी चालेल) लिहून सही करतात आणि माल गाडीत. मग तिकडे मशीनिंग झाल्यावर प्रेशर टेस्टला गळती, कस्टमरचा मेल, डेबिट नोट. आणि आमच्या रजिस्टरमध्ये कारण काय पडतं? "ऑपरेटरचा निष्काळजीपणा."

खरं कारण सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या शिफ्टची वाळू. साचे वाळूचे असतात, ती जास्त ओली राहिली की ओततानाच्या वाफेने कास्टिंगमध्ये भोकं पडतात. बेळगावचा पाऊस, वाळूचं शेड तीन बाजूंनी उघडं, सँड लॅबचा पोरगा पाचला घरी जातो. त्यानंतर मोल्डर (साचे करणारा) वाळूची मूठ आवळून बघतो आणि म्हणतो, "बरी हाय." वाळूच्या मिक्सरची पातीही झिजलीत.

मग कोणी सांगत का नाही? दर सोमवारच्या मीटिंगला साहेब विचारतात की, "कोणाला काही सांगायचंय? मोकळं बोला." मागच्या पावसाळ्यात कोअर शॉपचा (कास्टिंगच्या आतल्या पोकळीचे गाभे करतात तिथला) एक कॉन्ट्रॅक्टवरचा पोरगा उठला आणि म्हणाला, मिक्सरची पाती गेलीत साहेब. मालक बसलेले होते. साहेब हसले, नोट करतो म्हणाले. पुढच्या आठवड्यात पोरगा नाईटला. तेव्हापासून "मोकळं बोला" म्हटलं की सगळे बुटांकडे बघतात.

दुसरी गोष्ट याच्या उलटी. आता मलाही खालच्यांना ग्रेड द्यायची आहे. त्यात मशीन शॉपचेही येतात. तिथे गावातले एक मामा आहेत, सीएनसी मशीनवर. नात्याने नव्हेत, पण लहानपणापासून मामाच. मला या कंपनीत चिकटवलं तेही त्यांनीच. दर तासाला बोअर (भोकाचा आतला व्यास) मोजून शीटवर रीडिंग लिहायचं असतं. मामा शिफ्ट संपताना सगळे रकाने एकदम भरतात, वरपासून खालपर्यंत एकच आकडा. ऑडिटरने बघितलं तर माझी गचांडी. मामांना "सी" द्यायचा? आणि तो तोंडावर सांगायचा कसा? यळ्ळूरच्या बसला रोज एकत्र असतो ओ.

खानापूर_लाईन

कंपनीचं नाव लपवलास आणि हँडलवर गाव लिहून बसलास. 😄

फॉर्मला पाचपैकी पाच दे, "साहेब मार्गदर्शक आहेत" असं लिही, घरी जा. मामाला "बी" दे. एवढं काय डोकं खाऊलालास गा.

निपाणीची_लेक

मी एचआरमध्येच आहे (दुसरीकडे), म्हणून आमच्या जमातीची बाजू सांगते. फॉर्म भरण्याआधी एचआरला एकच विचारा: किती जणांची उत्तरं आली तर मॅनेजरला वेगळा रिपोर्ट दाखवता? नीट चालवणाऱ्या कंपन्या किमान तीन ते पाच उत्तरं आल्याशिवाय तो दाखवत नाहीत, वरच्या मोठ्या गटात मिसळतात. आणि मोकळ्या जागेत लिहिलेला मजकूर जसाच्या तसा पुढे जातो का, हेही विचारा. चौघांत भाषेवरून माणूस कळतो हे तुम्ही बरोबर ओळखलंत. समोरच्याला उत्तर माहीत नसेल तर मोकळी जागा मोकळीच ठेवा.

आता थोडं विषयाला सोडून, पण कामाचं. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधं देण्यातल्या चुका तपासल्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील असा अंदाज होता. सापडल्या जास्त. त्या वॉर्डांतल्या नर्स निष्काळजी होत्या असं नव्हतं, त्या चुका बोलून दाखवत होत्या. बाकीच्या वॉर्डांत चुका झाकल्या जात होत्या. तुमच्या रजिस्टरमध्ये दुसऱ्या शिफ्टचं रिजेक्शन कमी दिसतं का हो? दिसत असेल तर त्यावर खूश होऊ नका.

यळ्ळूरकर_क्यूए

@निपाणीची_लेक: कमीच दिसतं! पहिल्या शिफ्टपेक्षा कमी. हे लक्षातच आलं नव्हतं कधी. पिनहोलवाले पीस दुसऱ्या शिफ्टला कोणी बाजूला काढतच नाही, सकाळी आम्हाला मिळतात आणि ते पहिल्या शिफ्टच्या नावावर पडतात.

जुना_मोल्डर

आता लिहितो. आधी मोल्डिंगला, मग फाउंड्री सुपरवायझर, आता होनग्याजवळ स्वतःचं छोटं शेड आहे. म्हणजे आता लोक ज्याच्याशी खरं बोलत नाहीत तो मीच.

फॉर्म सोडा. तो फॉर्म एचआरच्या फाईलसाठी असतो, तुमच्या वाळूसाठी नाही. ओल्या वाळूबद्दल "अभिप्राय" देतात का? ती मोजतात.

तुमच्या साहेबांना खरं ऐकायला भीती वाटत नसावी. मालकासमोर ऐकायला वाटते. हा फरक समजून घ्या. कोअर शॉपच्या पोराने खरं सांगितलं, पण मालक बसलेले असताना. साहेबाला त्या क्षणी दोनच वाटा: एक तर "हो, पाती मी बदलली नाहीत" म्हणायचं, नाहीतर हसायचं. तो हसला. पोराची नाईट मात्र अन्याय आहे, त्याची पाठराखण मी करणार नाही. तिथेच तुमची सोमवारची मीटिंग मेली. एका पोराचं काय झालं ते सगळ्या शॉपने बघितलं, आता साहेबांनी दर सोमवारी पेढे वाटले तरी कोणी तोंड उघडणार नाही.

टोयोटाच्या लाईनवर कामगार दोरी ओढून लाईन थांबवू शकतो, हे प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतात. आमच्याकडेही एक पाहुणा येऊन सांगून गेला, स्लाईडसकट. पण दोरी ओढल्या ओढल्या लाईन थांबत नाही, आधी टीम लीडर धावत येतो. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत जायच्या आत दोघांनी मिळून सोडवलं तर लाईन चालूच राहते, नाहीतर थांबते. मुद्दा त्या धावत येण्याचा आहे. तुमच्याकडे दोरी ओढल्यावर कॉन्ट्रॅक्टर धावत आला आणि पोराला नाईटला घेऊन गेला.

तेव्हा असं करा. दुसऱ्या शिफ्टच्या वाळूचा ओलावा रोज सातला आणि नऊला स्वतः मोजा किंवा कुणाकडून मोजून घ्या. ग्रीन सँड, म्हणजे साच्याची ही ओलसर वाळू, तिचा ओलावा साधारण ३ ते ४ टक्क्यांत पाहिजे. आठवडाभराचे आकडे काढा. सोबत गळती लागलेला एक पीस कापून घ्या, आतली भोकं डोळ्यांनी दिसतील असा. महिनाअखेरीला जाऊ नका, पाच-सहा तारखेला जा. शिफ्ट सुटल्यावर, केबिनमध्ये, एकटे. पीस टेबलावर ठेवा. "साहेब, हे दुसऱ्या शिफ्टचं आहे आणि हे ओलाव्याचे आकडे." बास. "तुम्ही डेव्हिएशनला सही करता" हे वाक्य पहिल्या दिवशी नको. ते त्यांना माहीत आहे, सही त्यांचीच आहे. आणि मागताना एकच गोष्ट मागा, तीही ते स्वतःच्या अधिकारात देऊ शकतील अशी. सँड लॅबचा माणूस रात्री अकरापर्यंत. पाती, शेड, सगळं एकदम मागितलंत की प्रकरण मालकाकडे जातं आणि परत हसणं सुरू.

आणखी एक. हल्ली शिकवतात की आधी स्तुती, मग चूक, मग परत स्तुती. आपल्याकडे साहेबाने स्तुती सुरू केली की कामगार खिशातला हात बाहेर काढून सरळ उभा राहतो, आता काहीतरी येणार म्हणून. मामांशी बोलताना हा खेळ करू नका.

मामांचं. ग्रेडच्या दिवशी त्यांना हे पहिल्यांदा कळलं तर चूक तुमची. आजच बोला. बसमध्ये नाही, कँटीनमध्ये नाही, त्यांच्या मशीनपाशी, शीट हातात घेऊन. "मामा, हे असं का भरता?" विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात अवघड, जमवा. त्या वयाच्या माणसाला जवळचं दिसत नसतं आणि चष्मा लागलाय हे सांगायची लाज असते. किंवा दुसरंच काही असेल. एकच आकडा वरपासून खालपर्यंत लिहिणारा माणूस आळशीच असतो असं नाही, पण कारण ऐकल्याशिवाय "सी" देऊ नका आणि ऐकल्यावर घाबरून "बी"ही देऊ नका.

काळा_कोट

कायद्याचं थोडक्यात. २० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात तक्रार निवारण समिती पाहिजे. मालकाकडचे आणि कामगारांकडचे सदस्य सारख्या संख्येने. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने हे आलं, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे, तिथे सदस्य जास्तीत जास्त १०. बहुतेक ठिकाणी ही समिती नोटीस बोर्डावरच्या कागदात असते.

दोन अडचणी मात्र बघा. संहितेप्रमाणे सुपरवायझरचा पगार महिना १८,००० च्या वर असेल तर तो "कामगार" धरला जात नाही, म्हणजे तुमच्यासाठी ही वाट बहुधा बंद. आणि तो कोअर शॉपचा मुलगा कागदोपत्री कॉन्ट्रॅक्टरचा माणूस. त्यामुळे जुना_मोल्डर यांचा केबिनचा मार्गच आधी करून बघा.

यळ्ळूरकर_क्यूए

अपडेट देतो, उशीर झाला.

आधी मामा. शीट घेऊन गेलो, विचारलं, गप्प बसलो. मामा बराच वेळ चिप्स झाडत राहिले. मग म्हणाले, "बोअर गेज एकच हाय बाबा, तीन मशिनींत. दर तासाला तिकडं जाऊन आणायचा, मग सायकल टाईम, एका पिसाला ठरवून दिलेला वेळ, कोण भरून देणार? पहिला पीस मोजतो, शेवटचा मोजतो, मधलं लिहितो." डोळे उत्तम आहेत त्यांचे. मी म्हटलं, मग सांगितलं का नाही? तर म्हणाले, "सांगून काय हुतंय? त्या कोअरच्या पोरानं सांगितलं न्हवं."

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की न मोजलेला आकडा लिहायचा नाही, रकाना रिकामा सोडा, त्याची जबाबदारी माझी. आणि या वर्षी "सी" येणार, कारण शीट खोटं आहे आणि गेज कमी आहे हे कोणाला सांगितलं नाही, हेही सांगितलं. संध्याकाळी बसमध्ये पुढच्या सीटवर बसले, बोलले नाहीत. आता बोलतात. पूर्वीएवढं नाही.

रिकाम्या रकान्यांची शीटं साहेबांच्या टेबलावर गेली तेव्हा त्यांनी मलाच बोलावलं. वाळूचे आकडे तयार होते, कापलेला पीसही घेऊन गेलो. दुसऱ्या शिफ्टला सहा टक्क्यांपर्यंत गेलेला ओलावा बघून ते काही बोलले नाहीत, पीस हातात फिरवत राहिले. मग विचारलं, "हे मीटिंगमध्ये का बोलला नाहीस?" मी कोअर शॉपच्या पोराचं नाव घेतलं. ते म्हणाले शिफ्ट मी बदलली नव्हती, कॉन्ट्रॅक्टरने बदलली. खरं असेल, नसेल. चेहऱ्यावरून तरी त्यांना धक्का बसल्यासारखं वाटलं.

लॅबचा माणूस अकरापर्यंत राहायला लागलाय. फॉर्ममध्ये मोकळी जागा रिकामी सोडली. एचआरला निपाणीच्या ताईंचा प्रश्न विचारला होता, "बघून सांगते" असं उत्तर आलं, अजून बघूलालेत.

जुना_मोल्डर

मामांचं चांगलं निभावलंत. पण तो पोरगा पहिल्या शिफ्टला परत आला का? शिफ्ट कॉन्ट्रॅक्टरने बदलली असेल तर साहेब एका फोनवर परत बदलू शकतात. आणि ते सगळ्या शॉपला दिसायला पाहिजे. लॅबचा माणूस मिळाला तो तुम्हाला, बाकीच्यांना अजून नाईटच दिसतेय.

यळ्ळूरकर_क्यूए

नाही आला. हे मी विचारलं नव्हतं, विचारतो. दुसऱ्या बोअर गेजच्या इंडेंटवर (मागणीच्या कागदावर) मात्र सही झालीय.

खानापूर_लाईन

गेज कुठून मागवूलालास? आमच्याकडचाही वाजलाय, डायल अडकते. रेट कळला तर इथेच टाक.