मदत हवी आहे – पार गावची गाड्यांची सहल, ७ गाड्या

नमस्कार मंडळी, डिसेंबरात आम्ही साताऱ्यातनं ७ गाड्या (४ थार, २ जिमनी, १ गुरखा) घेऊन मेढा-केळघरमार्गे महाबळेश्वर, मग आंबेनळी घाट उतरून प्रतापगडाच्या पायथ्याच्या पार गावात जायचं म्हणतोय. १६५९ ला अफजलखानाची फौज वाईहून रडतोंडीचा घाट उतरून तिथंच आली होती ना, ती वाट पोरांना दाखवायचीय. रडतोंडीच्या घाटात गाड्या घालणार नाही, ती वाट चालतच करायची, आणि कोयनेवरच्या शिवकालीन दगडी पुलावरनं पण चालतच जाणार, त्या पुलाला आपल्यामुळं धक्का नको.

आता खरी अडचण, गावाकडच्या मातीच्या रस्त्यांना त्या दिवसांत ओल असते का? मागच्या वर्षी एका पठारावर वरनं माती वाळलेली दिसली पण खाली नुसता चिखल, गाडी एक्सलपर्यंत रुतली, दोन तास फावडं मारत बसलो. तेव्हापास्नं मातीत टायरची हवा ३२ वरनं २२ PSI करतो, परत हवा भरायला कॉम्प्रेसर अन् रुतलेली गाडी ओढायला पट्टा सोबत असतो.

वनखात्याची परवानगी कुठल्या ऑफिसातनं काढायची? ७ गाड्या गावात कुठं लावाव्यात, कुणाच्या शेताची नासाडी नको? अन् १८ जणांचं पिठलं-भाकरी करून देणारं कुणी माहितीय का? जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा.