डुकरावर एक्मो: श्वासाची ट्यूब किती खोल ठेवायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी चिपळूणची, परफ्युजनिस्ट, म्हणजे शरीराबाहेरून रक्त फिरवणारी यंत्रं चालवणारी. एक्मोच्या (रक्त शरीराबाहेर नेऊन त्यात ऑक्सिजन मिसळून परत देणाऱ्या यंत्राच्या) संशोधनात डुकरांवर काम सुरू होतंय, प्राणी-प्रयोगांच्या नैतिकता समितीची मंजुरी मिळाली आहे. डुकराचं हृदय माणसाच्या बरंच जवळचं, पण श्वासनळीची गोम वेगळी. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागाची फांदी मुख्य नळीतूनच, दोन वाटा होण्याआधी फुटते. ट्यूब जरा खोल गेली की तो भाग बंद, आणि ऑक्सिजन घसरला की सगळे एक्मोकडे बघणार! पन्नासेक किलोच्या जनावरात ट्यूब कुठवर ठेवता? ब्रॉन्कोस्कोपने (श्वासनळीत घालायच्या दुर्बिणीने) खात्री करता का? शिवाय हे हृदय पटकन फिब्रिलेशनमध्ये जातं म्हणे, म्हणजे ठोके सोडून नुसतं थरथरतं. एक्मोची कॅन्युला (रक्तवाहिनीतली नळी) घालण्याआधी अमिओडारोन, हे ठोके नियमित ठेवणारं औषध, देता का? परळ-शिरवळच्या पशुवैद्यक कॉलेजांतले कुणी असाल तर सांगाच. घरी मात्र ‘जनावरांचं काम’ एवढंच सांगितलंय.