श्वानप्रशिक्षणाच्या वर्गात कुत्र्यांना दिलेली वागणूक पाहून अस्वस्थ आहे. पुढे काय करावे?

प्रतापनगरकर:

नमस्कार. प्रश्न थोडा लांबणार आहे आणि या प्रकरणात माझी स्वतःची बाजूही फारशी स्वच्छ नाही, हे आधीच सांगून टाकते.

आमच्याकडे भुरी नावाची साडेपाच महिन्यांची गावठी कुत्री आहे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस ती आम्हाला नागपूरच्या फुटाळा तलावाच्या पाळीवर भिजलेल्या अवस्थेत सापडली. स्वभावाने गोड आहे, पण फिरायला नेले की दोरी ओढते आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर उड्या मारते. सिलिंडर आणणारा मुलगा तर आता फाटकाबाहेरूनच हाक मारतो. म्हणून एका मोकळ्या मैदानावर दर रविवारी सकाळी भरणाऱ्या प्रशिक्षणवर्गात तिचे नाव घातले आणि आठ रविवारांचे पैसे आगाऊ भरले.

पहिला रविवार बरा गेला. दुसऱ्या रविवारी वर्षभराचा एक जर्मन शेफर्ड शेजारच्या पॉमेरेनियनवर भुंकला, तेव्हा प्रशिक्षकांनी त्याच्या मालकाच्या हातातली दोरी घेतली आणि चोक चेन (ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी) सरळ वर ओढून कुत्र्याचे पुढचे दोन्ही पाय जमिनीवरून उचलले. तसेच धरून ठेवले. मी मनातल्या मनात आकडे का मोजू लागले ते मला सांगता येणार नाही, पण अकरापर्यंत पोहोचले होते. त्याची जीभ जांभळट पडली होती. खाली सोडल्यावर त्याने एकदा अंग झटकले, दोन-तीनदा ओठ चाटले आणि तो पोटावर बसून राहिला. त्याच्याखालची माती ओली झाली होती. प्रशिक्षक आमच्याकडे वळून म्हणाले, “देखा? हो गया ना शांत? अब समझ गया, मालिक कौन है.” त्यानंतर तो पॉमेरेनियन अगदी समोरून नेला तरी शेफर्डने मान वर केली नाही, आणि काही जणांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या दहा मिनिटांत, सांगूनही न बसणाऱ्या एका स्पॅनियलच्या पिल्लाला दुमडलेल्या चामडी पट्ट्याचा फटका नाकावर बसला.

मी भुरीला कडेवर घेतले, “घरी पाहुणे यायचे आहेत” असे खोटे सांगितले आणि निघून आले. एक शब्दही बोलले नाही. तेव्हापासून दोरी हातात घेतली की भुरी मागे सरकते, म्हणजे तिने पाहिले ते तिच्याही लक्षात राहिले आहे.

ही पद्धत खरोखरच मान्य आहे आणि मीच फार हळवी आहे का? तक्रार करता येते का, आणि कुठे? शेफर्डच्या मालकांना मी चेहऱ्याने ओळखते, संध्याकाळी ते आमच्याच बाजूला फिरायला येतात. त्यांच्याशी बोलावे का?

निवृत्त पशुवैद्य:

तुम्ही हळव्या वगैरे काही नाही. तुम्ही वर्णन केलेला प्रकार म्हणजे कुत्र्याला काही सेकंद फाशी देणे आहे, आणि त्याला दुसरा शब्द वापरण्याचे मला कारण दिसत नाही. साखळी ज्या जागी आवळते तिथे श्वासनलिका असते, मोठ्या रक्तवाहिन्या असतात; गळ्यावर दाब आला की डोळ्यांतला दाबही वाढतो. जीभ जांभळी पडणे हे प्राणवायू कमी पडल्याचे लक्षण आहे.

नागपुरात यात आणखी एका गोष्टीची भर पडते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, शरीरातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो. त्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइटच्या आसपास असते. होळीनंतरच्या आपल्या उन्हात, सावली नसलेल्या मैदानावर, घाबरून आधीच धापा टाकणाऱ्या कुत्र्याचा गळा आवळणे म्हणजे त्याचा थंड होण्याचा एकमेव मोठा मार्ग बंद करणे. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याचा त्यात जीवही जाऊ शकतो.

‘शांत झाला’ या वाक्याबद्दल मात्र सविस्तर बोलले पाहिजे, कारण टाळ्या त्यासाठीच पडल्या. ओठ चाटणे, जांभई देणे, नजर चुकवून डोळ्यांचे पांढरे दाखवणे, शेपटी पोटाखाली घेणे, अंग झटकणे ही ताणाची लक्षणे आहेत, आणि त्यांतली दोन तुम्हीच लिहिली आहेत. सेलिगमन आणि मायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवर एक प्रयोग केला होता, जो आज कोणी करू देणार नाही. ज्या कुत्र्यांना काहीही केले तरी न चुकणारे विजेचे झटके आधी दिले गेले होते, त्यांतले बहुतेक कुत्रे नंतर ठेंगणा अडसर ओलांडून सुटका करून घेणे शक्य असतानाही जागेवरच पडून राहिले. बघणाऱ्याला तेही शांतच वाटले असते. तुमच्या शेफर्डला मालक कोण हे समजले नाही. काही करून उपयोग नाही एवढेच समजले. शिवाय भुंकण्या-गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा पुढे कधी तरी न गुरगुरताच चावतो, आणि मग घरचे म्हणतात की आधी काहीच लक्षण दिसले नव्हते. असे किती तरी हात मी बघितले आहेत.

जुना श्वानप्रेमी:

सर्वांची क्षमा मागून थोडे वेगळे लिहितो. आमच्या घरी वडिलांच्या काळापासून अल्सेशियन होते. वडील साखळीला एक हिसका द्यायचे, क्वचित छडीही दाखवायचे, आणि ते कुत्रे त्यांच्यावर जीव टाकत. कुत्रा हा कळपातला प्राणी आहे, त्याला म्होरक्या लागतो आणि थोडा धाकही लागतो. हल्ली खिशात उकडलेले चिकन घेऊन फिरणारे पालक दिसतात. चाळीस किलोचा कुत्रा रस्त्यावरच्या मुलाच्या अंगावर धावून गेला तर ते काय चिकन दाखवणार आहेत? पाय उचलून लटकवणे मलाही पटलेले नाही, तो त्या माणसाचा आततायीपणा झाला. पण त्यावरून शिस्तीलाच क्रौर्य म्हणू नये.

निवृत्त पशुवैद्य:

श्वानप्रेमी, तुमच्या वडिलांवर ते कुत्रे जीव टाकत ते हिसक्यामुळे, की रोज त्यांच्याच हातून मिळणाऱ्या पोळीमुळे आणि संध्याकाळच्या फिरण्यामुळे, याचा विचार करून पाहा.

म्होरक्याची कल्पना कुठून आली तेही सांगतो. रुडॉल्फ शेंकेल या प्राणी-अभ्यासकाने १९४७ मध्ये बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले आणि त्यांच्या भांडणांवरून वर्चस्वाची उतरंड मांडली. लांडग्यांचे अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे ती जगभर पोहोचली. त्याच मेक यांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षे पाहिल्यावर १९९९ मध्ये लिहिले की नैसर्गिक कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्ले, म्हणजे साधे कुटुंब. पुढे तर आपलेच जुने पुस्तक छापणे थांबवावे म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले होते. जगभर पोहोचवणाऱ्यानेच सोडून दिलेली कल्पना आपल्या मैदानांवर अजून शिट्टी गळ्यात घालून फिरते आहे.

चाळीस किलोच्या कुत्र्याचा तुमचा प्रश्न मात्र रास्त आहे. दहा फुटांवरच्या कुत्र्याला पाहून भुंकणारा शेफर्ड पन्नास फुटांवरच्या कुत्र्याकडे नुसते पाहून मान वळवू शकतो. शिकवण्याची सुरुवात त्या पन्नास फुटांवरून होते आणि मग अंतर आठवड्या-आठवड्याने कमी करायचे असते. तोवर छातीपुढे कडी असलेला हार्नेस (गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा) आणि दोन हातांत दोरी. याला वेळ लागतो, आणि त्यामुळे रविवारी सकाळी तासाभरात टाळ्या मिळवून देण्यासारखे यात काही नाही. २०२० मध्ये पोर्तुगालमधल्या सात प्रशिक्षणशाळांतल्या ९२ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. मारझोड आणि हिसके वापरणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणे जास्त दिसली आणि वर्गानंतर त्यांच्या लाळेतले कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरकही जास्त वाढलेले आढळले.

मोतीची आई:

मी फार काही शिकलेली नाही, पण हे माझ्या घरात घडले आहे म्हणून लिहिते. सात वर्षांपूर्वी आमच्या मोतीला मी अशाच एका वर्गाला घातले होते, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होते. दोन महिन्यांत तो सांगितल्याबरोबर बसायला शिकला, त्याचे मी नातेवाइकांना व्हिडिओ पाठवले. त्याच सुमारास तो साखळीचा आवाज आला की दिवाणाखाली शिरू लागला. आमच्या फाटकालाही साखळी आहे, त्यामुळे घरी कोणीही आले की मोती दिवाणाखाली. ते जायला दीड वर्ष लागले.

भुरीसाठी एक सुचवते. जुनी दोरी काढून टाका, दिसायला आणि आवाजाला वेगळी अशी सुती घ्या. आठवडाभर ती लावून बाहेर जाऊच नका. जेवणाच्या वेळी भांड्याशेजारी जमिनीवर नुसती पडू द्या, मग हातात घ्या, एखादा चिकनचा तुकडा द्या आणि परत ठेवून द्या. ती आपणहून जवळ येईल त्या दिवशी अडकवा. आणि पुढे कुठल्याही वर्गाला गेलात तर एक वाक्य पाठ करून ठेवा: “दोरी माझ्याकडे द्या.” त्या क्षणी एवढेच सुचले तरी पुरते. दुसऱ्याचा कुत्रा असेल तर प्रशिक्षकाशी वाद न घालता मालकाच्या कानाशी जाऊन सांगा की दोरी परत घ्या. मला त्या वेळी कोणी तसे सांगितले असते तर मी घेतली असती, असे मला अजून वाटते.

काळा कोट:

कायद्याचे तेवढे लिहितो, आणि मोठी आशा न दाखवता लिहितो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये जनावराला मारणे, लाथ घालणे किंवा अनावश्यक वेदना होतील असे वागवणे हा गुन्हा आहे, आणि मालकाने तसे होऊ दिले तर तोही त्यात येतो. टाळ्या वाजवणाऱ्या मालकांना हे माहीत नसते. शिक्षा मात्र वाचून हसू नका: पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा केल्यास २५ ते १०० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रक्कम कित्येक वर्षांपूर्वीची आहे.

मारहाणीचे हे कलम अदखलपात्र असल्यामुळे पोलीस ठाण्यात तुमची एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली जाईल आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होणार नाही. “काही होत नाही, मॅडम” असे हवालदार म्हणाले तर त्याचा अर्थ हा आहे. तरीही एनसीची प्रत मागून घ्या, कारण दुसऱ्या वेळची शिक्षा मागताना पहिल्या वेळचा कागदच उपयोगी पडतो. जनावर मेले किंवा कायमचे जायबंदी झाले तर गोष्ट वेगळी. तिथे भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ लागते आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीकडेही लेखी अर्ज द्या, त्यासाठी जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयात चौकशी करा. अर्जात विशेषणे नकोत. तारीख, वेळ, मैदान, कुत्र्याचा रंग आणि जात, किती वेळ लटकवले, जिभेचा रंग, एवढेच लिहा. तुमच्या इथल्या प्रश्नातला मधला परिच्छेद जवळजवळ तसाच चालेल. पाळीव प्राण्यांच्या रुग्णालयात, उदाहरणार्थ सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयात, शेफर्डची तपासणी होऊन कागद मिळाला तर अर्जाला वजन येते, पण त्यासाठी मालक तुमच्या बाजूला हवा.

उरलेल्या सहा रविवारांचे पैसे प्रशिक्षकांकडे आधी लेखी मागा. दिले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. भरलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर तिथे तक्रारीला शुल्क नाही.

प्रतापनगरकर:

सर्वांचे आभार, आणि उशिरा लिहिते आहे त्याबद्दल क्षमस्व. मधल्या काळात शेफर्डच्या मालकांशी बोलणे झाले. संध्याकाळी ते एकटेच फिरताना दिसले, कुत्रा बरोबर नव्हता. मी काय बोलायचे ते मनात जुळवत होते, तर त्यांनीच विचारले, “तुम्ही त्या दिवशी लवकर गेलात ना?” मग मीही पाहुण्यांचे खोटे होते हे सांगून टाकले. ते म्हणाले की त्यांना दोरी परत मागायची होती, हात पुढेही केला होता, पण सगळे टाळ्या वाजवत होते.

त्यांच्या घरी गेले. शेर्पा नाव आहे त्याचे. तो कोपऱ्यात बसला होता; मालकांनी मानेवरचे केस बाजूला करून दाखवले तेव्हा गळ्याभोवती बोटभर रुंदीचा केस गेलेला पट्टा दिसला, आणि खोकला चार दिवस होता असे कळले. परवा सेमिनरी हिल्सला दाखवून आलो. औषध दिले आहे, कागदही मिळाला आहे. चोक चेन मालकांनी भंगारात घातली.

भुरीची नवी सुती दोरी तिच्या भांड्याशेजारी पडलेली असते. काल ती दोरीवर पाय ठेवून जेवली.

काळा कोट, शेवटचे एक विचारते: अर्जावर आम्ही दोघांनी एकत्र सही करावी, की दोन वेगवेगळे अर्ज द्यावेत?

काळा कोट:

दोन वेगवेगळे द्या. त्यांनी मालक म्हणून, तुम्ही प्रत्यक्षदर्शी म्हणून. दोन्हींची पोच घ्यायला विसरू नका.