डोक्यावरचा पदर: पौल नेमका कुणाला बोलला?

आडवाट:
रविवारी भक्ती सुरू झाली की आमच्या चर्चमध्ये बायकांचे पदर आपोआप डोक्यावर येतात. का, तर बायबलमधलं प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय 11: बाईने प्रार्थना करताना डोकं झाकावं. माझ्या मते पौलाचं ते सांगणं त्या शहरापुरतं होतं. ग्रीसमधलं करिंथ ही इ.स.पू. 44 मध्ये सीझरने नव्याने वसवलेली रोमन वसाहत. डोकं झाकणं ही तिथल्या घरंदाज बाईची खूण. पुरुषांना मात्र पौल उलट सांगतो, प्रार्थनेत डोकं झाकू नका. रोमन पुरुष देवाला बळी देताना टोग्याचं (अंगाभोवती गुंडाळायच्या वस्त्राचं) टोक डोक्यावर घेत, त्यांच्यासारखं दिसू नये म्हणून. ते रोमन गेले, मग नियम कशाला उरवायचा?

मेणबत्ती:
शहरापुरतं असतं तर तो थेट उत्पत्तीपर्यंत, बायबलच्या पहिल्या पुस्तकातल्या स्त्री-पुरुषाच्या निर्मितीपर्यंत, मागे गेला नसता. वर बाईने डोकं झाकावं ते 'देवदूतांमुळे' म्हणतो. देवदूत काय करिंथचे रहिवासी होते? पुढे दीडशे वर्षांनी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या तेर्तुल्यान या ख्रिस्ती लेखकाने कुमारिकांनीही डोकं झाकावं म्हणून अख्खा ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो, करिंथकर आजही आपल्या कुमारिकांना डोकं झाकायला लावतात. ज्यांना पत्र आलं त्यांनाच ते कळलं नाही म्हणता?

आडवाट:
ग्रंथ लिहावा लागला म्हणजे कार्थेजच्या पोरी ऐकत नव्हत्या :)

सुईदोरा:
दोघंही पदरातच अडकलात. केसांचं काय? वचन 15 म्हणतं, लांब केस तिला आच्छादन म्हणून दिलेत. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट, सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती शिक्षक, तर गंगावनावर घसरला होता. तो विचारतो, चर्चचे वडील डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात तो कुणाला? त्या बाईला नाहीच, दुसऱ्याच कुणाच्या तरी केसांना! (हे वाचून मी चर्चमध्ये हसले होते, नको तेव्हा.)

मेणबत्ती:
केस म्हणाल तर चौथ्या शतकातली आशिया मायनरमधल्या गंग्राची धर्मसभा बघा. वैराग्याच्या नावाखाली केस कापणाऱ्या बाईला तिने शापित ठरवलं. कारणही दिलंय: केस ही देवाने दिलेली अधीनतेची आठवण.

सुईदोरा:
ते गंग्राचं. बाईच्या डोक्यावर काय असावं, याला पौलाचा वचन 10 मधला ग्रीक शब्द 'एक्सुसिया', म्हणजे अधिकार. 'अधिकाराचं चिन्ह' यातला 'चिन्ह' हा शब्द भाषांतरकारांनी पदरचा घातलाय. आणि वचन 5 मध्ये बायका मोठ्याने प्रार्थना करतात, संदेश देतात. पौल त्यांना थांबवत नाही, फक्त डोक्याचं बोलतो. आपण डोक्याचं तेवढं उचललं. तुमच्या चर्चमध्ये वेदीपाशी उभं राहून बाईने शेवटचा संदेश कधी दिला?

मेणबत्ती:
गेल्या नाताळात. पदर घेऊन.